अनुभव धागा: नाइनर्सचे ड्राफ्ट पिक आणि बाकावरचे गडी

एप्रिल आला की आमच्याकडे नवरा-बायकोत अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टवरून वाजतं, म्हणजे टीम फेरीफेरीने कॉलेजातली पोरं निवडतात त्यावरून. ह्यांना पहिल्या फेरीत कुणीतरी पळणारा, चमकणारा हवा असतो, मी म्हणते आधी क्वार्टरबॅकच्या पुढे उभं राहून त्याला वाचवणारे लाइनमन घ्या, तो उभा राहिला तर बॉल फेकेल ना. तर मंडळी, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा कुठला पिक, म्हणजे निवडलेला गडी, तुमच्या जिव्हारी लागला आणि बाकावरचा कोण वेळेला धावून आला, लिहा. टीव्हीवरचं ऐकलेलं नको, स्वतःचं सांगा.

---
क्वार्टरबॅक ट्रे लान्सची जर्सी पहिल्याच आठवड्यात घेणारा तो येडा मीच. 2021 ला ड्राफ्टमधल्या तिसऱ्या नंबरसाठी मायामीच्या टीमला पहिल्या फेरीचे तीन पिक दिले, वर तिसऱ्या फेरीचा एक. मी म्हटलं काय सौदा मारलाय! पोरगं कॉलेजात धड एकच सीझन खेळलंय हे बायको म्हणाली तर तिलाच गप्प केलं. सप्टेंबर 2022 ला सिॲटलविरुद्ध त्याचा घोटा मोडला तेव्हा स्टेडियममध्ये होतो, त्याला न्यायला गाडी मैदानात आली आणि शेजारचे काका जुन्या क्वार्टरबॅकबद्दल, जिमी गॅरोपोलोबद्दल, हळूच म्हणाले, "बरं झालं जिमीला ठेवून घेतलं." असला राग आला, पण खरं होतं. आपल्याकडून सुरुवातीपासून उतरला अशा चारच मॅच, मग चौथ्या फेरीच्या एका पिकवर डॅलसला. जर्सी आहे अजून, कार पुसायला.

---
आणि त्याच टीमने 2022 ला 262वा, म्हणजे ड्राफ्टमधला शेवटचा पिक ब्रॉक पर्डीवर लावला. डिसेंबरात जिमी गॅरोपोलोचा पाय मोडला आणि हा आत आला तेव्हा मी सरळ उठून कपड्यांच्या घड्या घालायला गेले. थोड्या वेळाने मुलगा ओरडत आला, आई, अगं हा फेकतोय! मायामीला 33-17 ने मारलं. पण उगाच निवडणाऱ्यांची पाठ थोपटू नका हं, ह्याच लोकांनी आधीच्या प्रत्येक पिकला त्याला सोडलेलं. लॉटरी लागली, बास.

---
30 जानेवारी 2023, पुण्यात रात्रीचा दीड. बाबांना झोप नव्हती म्हणून शेजारी येऊन बसले. फिलाडेल्फियात सुरुवातीलाच पर्डीचं कोपर गेलं. मग जॉश जॉन्सन, म्हणजे त्या सीझनचा चौथा क्वार्टरबॅक, त्याच्याही डोक्याला मार. मग परत पर्डीच, ज्याला लांब फेकताच येत नाही, नुसता शेजारच्याच्या हातात बॉल द्यायचा. बाबा तरुणपणी कबड्डी खेळलेले, म्हणाले, "आमच्यात बाद झालेलासुद्धा परत उठतो रे, तुमच्यात तर गडीच संपले की!" 31-7 ने हरलो. पुढच्या सीझनपासून लीगने अडीअडचणीला तिसरा क्वार्टरबॅक ठेवायचा नियम आणला, तर बाबांचं म्हणणं मी बोललो म्हणून.

---
सगळे क्वार्टरबॅकवरच अडकलेत. फेब्रुवारी 2024 चा सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल आठवा, आपला डिफेन्सचा गडी ड्री ग्रीनलॉ बाजूने नुसता मैदानात धावत निघाला आणि टाचेमागची शीर तुटली, कुणी हात पण लावला नव्हता!! त्याच्या जागी त्याच्या तोडीचा होता कुठे? ओव्हरटाइमला 25-22 ने गेलो. आणि तिसऱ्या फेरीत किकर, म्हणजे लाथ मारून पॉइंट काढणारा, घेतलेला ना 2023 ला, जेक मूडी, त्याची एक्स्ट्रा पॉइंटची किक त्याच मॅचमध्ये अडवली. एक पॉइंट हो. मी तेव्हा फ्रीमाँटला मित्राकडे होतो, वड्यांची ताटं तशीच गार झाली.

---
परत मीच, धागा काढणारी. 2025 ला पहिले पाचच्या पाच पिक डिफेन्सचे घेतले तेव्हा हे म्हणाले ऑफेन्सला उपाशी मारणार का. त्यानंतर महिन्याभरात त्या 262व्याला पाच वर्षांचे 26.5 कोटी डॉलर. म्हटलं, आता तरी त्याच्या पुढे उभं राहायला कुणी आणा. ह्यांनी आवाज वाढवला. टीव्हीचा.