जुनी कॅरव्हॅन बघताना : ओल, गळती की आणखी काही?

शिरोलीकर : आतेभावाला जुनी कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, घ्यायची आहे, जीपमागं जोडून ओढायची. बघायला कोल्हापूरच्या उद्यमनगरातले आमचे मिस्त्री सोबत येणार, म्हणून परदेशातले खरेदीदार वापरतात ती तपासणीची यादी मराठीत उतरवतोय. एका ओळीवर अडलोय. छताच्या सांध्यातून, खिडकीच्या कडेनं पाणी शिरतं, भिंतीतलं लाकूड आतल्या आत कुजतं. वरून सगळं चकाचक, पण अंगठ्यानं दाबलं की तेवढीच जागा आत जाते. तिकडं 'सॉफ्ट स्पॉट' म्हणतात. 'मऊ जागा' लिहिलं तर कुजणं कळत नाही. आणि एकूण प्रकाराला ओल म्हणायचं की गळती?

पंचगंगाकाठ : ओलच. २०१९ च्या पुरानंतर आमच्या घरात पाणी उतरलं तरी भिंतींनी ओल धरली होती. रंग दिला, पुन्हा फुगे आले. दुसरा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता.

मोडीवाचक : ताई, तुमची ओल पुराची, खालून चढलेली. वरून येते ती गळती. गळती हे कारण, ओल हा परिणाम. यादीत दोन्ही वेगळे लिहा, कारण गळती बंद केलेली असली तरी कुजलेलं लाकूड तसंच राहतं. सांध्यावर ताजं सीलंट दिसलं तर हेच विचारायला हवं.

गवंडीकाम : शिरोलीकर दादा, दाबायच्या आधी ठोकून बघा की. आमी फरशी बसवली की बोटाच्या पेरानं वाजवतो. माल नीट भरला नसंल तर 'पोकळ वाजतीया' म्हणतो. भिंत पण तशीच वाजवा.

मोडीवाचक : त्याला 'बद्द' हा नेमका शब्द आहे. खणखणीतच्या उलट.

गवंडीकाम : बद्द वाजतं ते मडकं, तडा गेल्यावर. प्लायला बद्द म्हणल्यालं मी कदी ऐकलं न्हाई.

मोडीवाचक : सर, शब्द मडक्याचा म्हणून मडक्यातच ठेवायचा का? 'पारख' परीक्षेपासून आला आणि सोन्यापासून बैलापर्यंत सगळीकडं चालला.

ऊसपट्टा : बैलाचा विषय निघाला म्हणून सांगतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२१६ म्हणजे २०१६ सालातला ३२ वा आठवडा. कॅरव्हॅन वर्षातला बराच काळ उभीच असते, त्यामुळं नक्षी शाबूत दिसते पण रबर आतून वाळून चिरतं. आमचे आजोबा बाजारात बैलाचे दात बघून त्याचं वय, म्हणजे अदत, दुसा (दोन दाती) की चौसा (चार दाती), ठरवायचे, तसं हे. यादीत 'टायरचं वय' लिहा, 'टायरची स्थिती' नको.

पंचगंगाकाठ : आमच्याकडं 'आदत' म्हणतात.

ऊसपट्टा : पक्के दात आले नाहीत तो अदत. 'आ' बोलण्यात लांबतो, लिहिताना नको.

पंचगंगाकाठ : बोलतात तसं लिहिलं तर बिघडलं कुठं?

मराठीपण : मूळ शब्दाकडं कुणीच बघत नाही. कॅरव्हॅन का? 'फिरतं घर' म्हणा. राज्य सरकारनं २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणलं, त्यातही हाच परका शब्द.

मोडीवाचक : तो परका, पण पूर्वेचाच. फारसी 'कारवान' युरोपात गेला, तिथून परत आला. फक्त आपल्याकडं कारवाँ म्हणजे चालणाऱ्यांचा समूह, तांडा. एका गाडीला तो लावणं मला पटत नाही.

ऊसपट्टा : मग ट्रॉली म्हणा. मागं जोडून ओढायची ती ट्रॉली. पिन, हूक, चेसी, सगळे शब्द तयार आहेत.

मराठीपण : ट्रॉली म्हटल्यावर या जिल्ह्यात ऊसच डोळ्यांपुढं येतो. त्यात माणसं झोपणार?

ऊसपट्टा : तोडणीवाली कुटुंबं हंगामात ट्रॉलीतूनच संसार घेऊन येतात, साहेब.

शिरोलीकर : सध्या 'दाबून बघा, आत जाते का, ठोकून बघा, पोकळ वाजते का' असं लिहिलंय. सॉफ्ट स्पॉटला एकच शब्द कुणाकडं असेल तर अजून हवाय.

गवंडीकाम : 'भुसका'. पण आमच्या गल्लीभायेर चालंल का, सांगता येत न्हाई.

मोडीवाचक : भुसका की भुसभुशीत? दोन्ही एक नव्हेत.