'टेहानू', शेळ्या आणि न घासलेली भांडी

रात्रवाचक
परवा एकाने अर्सुला ल ग्विनच्या 'टेहानू'वर, म्हणजे 'अर्थसी' या कल्पनारम्य मालिकेच्या चौथ्या भागावर लिहिलं, "ल ग्विनबाईंनी स्वतःच्याच नायकाचा काटा काढला. ड्रॅगन बघायला गेलो होतो, शेळ्या बघून परत आलो." त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितो. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं.

अर्थसीचे पहिले तीन भाग १९६८ ते १९७२ मधले. तिसऱ्याच्या शेवटी नायक गेड, हा महाजादूगार, मेलेल्यांच्या देशातलं ते भगदाड बुजवतो आणि त्यात त्याची सगळी विद्या खर्ची पडते. हे तिसऱ्यातच झालंय, चौथ्यात नाही. रोक बेटावरच्या जादूगारांच्या शाळेचा द्वारपाल सरळ सांगतो की त्याचं करणं संपलं, तो घरी चालला. मग काटा कोणी काढला? १९९० साली बाईंनी एवढंच विचारलं, की घरी म्हणजे नेमकं कुठे? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून हा माणूस करणार काय?

आपल्याला गाण्यात विरून जाणारा महाजादूगार हवा होता. मिळाला तो राजाची माणसं आली की लाजेने लपून बसणारा, केस पिकलेला शेळीवाला. राग त्याचा आहे, पुस्तकाचा नाही.

खवलेमांजर
ती पोस्ट माझी. नाव घ्यायला लाजलात की काय?

भगदाड कुठे बुजलं ते मलाही माहीत आहे. पण तिसऱ्याच्या शेवटी बाईंनी दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. गाणं म्हणतं, तो होडीतून एकटाच निघून गेला. त्याच्या गाँट बेटाचे लोक म्हणतात, तो डोंगरातल्या रानात गेला. खरं कोणतं ते वाचकावर सोडलं होतं. मी शाळेत असताना वाचलं आणि कितीतरी वर्षं त्या होडीत बसून होतो. मग बाईंनी येऊन सांगितलं, होडी नव्हतीच, खाली उतरा.

ड्रॅगनचा हिशेबही करून टाका. सुरुवातीला एकदा येतो, गेडला सामानासारखा उतरवून जातो. शेवटी येतो, वाईट माणसांना जाळतो. मधल्या सगळ्या पुस्तकात सूत कातणं, धुणं आणि भांडी.

पानकोळी
माझं दुखणं वेगळंच आहे. मुखपृष्ठावर 'अर्थसीचं शेवटचं पुस्तक' असं छापलं होतं ना? मग २००१ मध्ये अजून दोन पुस्तकं कशी आली? मी 'शेवटचं' म्हणून नीट निरोप घेतला होता हो!

तरी तिने अठरा वर्षांनी का होईना, लिहिलं. मी दुसरी एक ड्रॅगनवाली मालिका धरून बसलोय. तिचा पाचवा भाग २०११ ला आला आणि तेव्हापासून मी फक्त पु.भा.प्र. (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) लिहितोय.

निळीशाई
खवलेमांजर, "सामानासारखा उतरवून जातो"? तो प्रसंग परत वाचा. या भागाची नायिका तेनार कड्यावर उभी आहे. समुद्रावर लांब काहीतरी दिसतं, तिला आधी पक्षीच वाटतो. मग तो मोठा होत जातो, होतच जातो. कड्याला लागून उतरतो तेव्हा खवल्यांचा लोखंडासारखा आवाज. माणसाने ड्रॅगनच्या डोळ्यांत बघू नये असं तिला शिकवलेलं, आणि ही बघते. पाठीवर गेड मेल्यासारखा पडलाय. ही बाई त्या अजस्र अंगावर पायरी पायरीने चढते आणि त्याला खाली ओढून आणते. जाताना ड्रॅगन आपलं नाव सांगतो, ती तिचं. लढाई नाही, कोडं नाही, सौदा नाही. तिन्ही भागांत ड्रॅगनशी कोणी असं बोललंय का?

आणि "मधे कुठे ड्रॅगन" म्हणता, तर फॅन विणकराचा पंखा विसरलात. एका बाजूला राजधानी हॅवनॉरची नटलेली माणसं रंगवलेली, उलटवला की ड्रॅगन. तो उजेडासमोर धरतो आणि दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळतात, माणसांना पंख फुटतात, ड्रॅगन माणसांच्या डोळ्यांनी बघतात. सगळं पुस्तक त्या पंख्यात आहे. तुम्ही एकच बाजू बघून ठेवून दिलात.

खवलेमांजर
उतरण्याचा प्रसंग चांगला आहे, नाही कोण म्हणतंय. पंखा आठवत नाही. पण चांगल्या प्रसंगाने प्रवचन झाकत नाही. बायकांची विद्या वेगळी का, पुरुषांची सत्ता कशात असते, यावर ती चेटकीण मॉस आणि तेनार बोलतच सुटतात. पात्रं बोलत नाहीत, बाई बोलतात.

निळीशाई
अच्छा. तिसऱ्या भागात गेड होडीत बसून त्या बिचाऱ्या राजपुत्र अरेनला समतोल, समतोल आणि पुन्हा समतोल ऐकवतो, ते काय होतं? ते तत्त्वज्ञान! बाईने तोंड उघडलं की लगेच प्रवचन.

पहिल्याच भागात म्हण आहे, बायकांच्या जादूसारखं दुबळं, बायकांच्या जादूसारखं दुष्ट. बाईंनी ती १९६८ मध्ये स्वतःच लिहिली आणि बावीस वर्षांनी स्वतःच उलटवून पाहिली. स्वतःचं लिहिलेलं असं तपासायला धमक लागते. नेब्युला उगीच नाही मिळालं.

खवलेमांजर
पुरस्कार बाजूला ठेवा. पुरस्कार मिळालेली किती पुस्तकं मी अर्ध्यात सोडलीत त्याची यादी देऊ?

रात्रवाचक
भांड्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात धारदार प्रसंग तोच. तेनारचा मुलगा समुद्रावरून परत येतो, जेवतो, ताटली तशीच टाकतो. बायकांचं काम म्हणे. आणि एके काळी ड्रॅगनला नावाने बांधणारा माणूस उठून भांडी घासतो. तेनार मुलाकडे बघते आणि तिला कळतं की आपण याला काय वाढवलंय.

पानकोळी
एक प्रामाणिक शंका. रोकवर बाईला प्रवेश नाही. मग तिथली भांडी कोण घासत होतं?

खवलेमांजर
जादूने घासत असतील.

निळीशाई
जादूने? आणि समतोलाचं काय? गेडचा गुरू ओगियन पाऊस बाजूला सारत नव्हता, भिजत चालायचा. अशा गुरूचा चेला ताटल्यांसाठी मंत्र टाकेल?

पानकोळी
म्हणजे एकतर नवशिके घासत होते, नाहीतर नऊच्या नऊ आचार्य ओळीने बसत होते. नावं देणारा आचार्य आधी प्रत्येक ताटलीचं खरं नाव शोधणार, मग पाणी. जेवण संपायला थंडी उजाडायची.

खवलेमांजर
हसा. पण माझा मुद्दा हाच आहे. चौथ्या भागावर चर्चा सुरू झाली की ती भांड्यांवरच येते. कल्पनारम्य पुस्तकातही मला तेच का वाचायचं? घरात आहेच की.

निळीशाई
घरात आहे, पण घासतं कोण?

खवलेमांजर
हे वैयक्तिक झालं. मी घासतो की नाही याचा पुस्तकाशी काय संबंध? आणि घासतो, सांगून ठेवतो.

निळीशाई
रोज?

खवलेमांजर
भांडी घासायला आलेले भांडायला लागले की मी उठतो. नमस्कार.

उंबरठा
सहसा नुसती वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

मी गायचे. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. बोलता येतं, गाता येत नाही. पहिलं वर्षभर शिष्या भेटायला आल्या की मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे आणि 'घरात नाही' म्हणून सांगायला लावायचे. त्यांची चूक काही नव्हती. त्यांच्या डोळ्यांत जुनी मी दिसायची, तेवढंच.

त्या काळात 'टेहानू' दुसऱ्यांदा वाचलं. राजाची माणसं येतात आणि गेड पळून जातो, त्यावर पहिल्यांदा वाचताना मी चिडले होते. इतका मोठा माणूस आणि एवढा भित्रा! दुसऱ्या वेळी पुस्तक मिटून ठेवलं. मला माहीत असलेल्या कुठल्याच 'वास्तववादी' कादंबरीत ही लाज इतकी नेमकी नाही.

पण ड्रॅगनबद्दल मी खवलेमांजरांच्या बाजूने आहे. मलाही ते जास्त हवे होते.

खवलेमांजर
(उठलो होतो, परत आलो.) उंबरठाताई, हे वाचून गप्प बसलो होतो. तुमच्यासाठी ते पुस्तक काय आहे ते समजलं. माझ्यासाठी ते नाही, एवढंच. आणि मला चौदाव्या वर्षी जे वाटलं ते चूक होतं असं कोणी म्हणू नये.

पण शेवटाचं उत्तर अजून कोणीच दिलेलं नाही. दुष्ट जादूगार गेड-तेनारला कड्याच्या टोकाशी नेतो, तेनारने सांभाळलेली पोर थेरू हाक मारते, ड्रॅगन येतो, भस्म. दुसऱ्या कोणी असं लिहिलं असतं तर तुम्हीच टांगलं असतं.

रात्रवाचक
शेवट घाईत उरकलाय, मान्य. तो जादूगारही नुसता काळाकुट्ट आहे, आत काही नाही. पण ड्रॅगन आभाळातून टपकत नाही. थेरू त्याला नावाने बोलावते, आणि ही जळालेली पोर कोण आहे याच्या खुणा पहिल्यापासून पेरलेल्या आहेत. पंखा त्यातलाच.

खवलेमांजर
तुमचा तो पंखा काढून परत वाचला. ठीक आहे. ते पान चांगलं आहे. एक पान.

शेळ्यांबद्दल माझं मत तेच आहे. पाचवा-सहावा भाग मी हातात घेतलेला नाही, आता कदाचित घेईन, पण कोणी सांगितलं म्हणून नव्हे.

पानकोळी
सहावा घ्याच. त्यात ती मेलेल्यांच्या देशाची भिंत पाडतात ना, तो भाग

खवलेमांजर
अरे सांगितलंस कशाला!!