मानेचा दुसरा मणका मोडलाय, नुसत्या पट्ट्यावर भागेल का?

प्रश्न (कराड): वडील ६८ वर्षांचे, उसाच्या ट्रॉलीवरून पडले. सीटी रिपोर्टात 'सी-२, ओडोन्टॉइड टाइप २, ६ मिमी सरकलेलं' लिहिलंय. हातपाय व्यवस्थित हलतात. मग ऑपरेशन कशाला सांगतायत?

उत्तर (मिरज): हातपाय हलतात म्हणजे मज्जारज्जू वाचलाय, हाड नाही. दुसऱ्या मणक्यातून (सी-२) करंगळीच्या पेरासारखी खुंटी वर जाते, तीच ओडोन्टॉइड; पहिला मणका तिच्याभोवती फिरतो. टाइप २ म्हणजे ती बुडातच मोडली. तिथं रक्तपुरवठा तोकडा, वय पन्नाशीपुढचं, सरकणं ५ मिमीच्या वर. असं हाड पट्ट्यात बरेचदा जुळतच नाही. टाइप ३ असता तर भेग मणक्याच्या अंगात गेली असती, ती सहसा जुळते.

उत्तर (सांगली): हॅलोचाही पर्याय सांगतील, म्हणजे डोक्याभोवती कडं, ते छातीवरच्या जाकिटाला दांड्यांनी जोडलेलं. कवटीत ४ पिना, ८ इंच-पौंड पिळानं, २४ ते ४८ तासांत पुन्हा आवळायच्या. मग सुमारे १२ आठवडे तसंच. या वयात गिळायला त्रास, न्यूमोनिया, म्हणून मी तरी टाळेन. ऑपरेशनात मागून पहिला-दुसरा मणका स्क्रू-रॉडनं बांधतात. हाड धरतं, पण मान वळणं जवळपास निम्मं जातं. मागं बघायला अख्खं अंग वळवावं लागेल.

प्रश्नकर्ता: तोवर घरच्यांनी काय पाळायचं?

उत्तर (मिरज): पट्टा स्वतःहून सोडू नका. मालिशवाला तर अजिबात नको. कूस बदलताना एकानं डोकं धरायचं, तिघांनी अंग, आणि डोकं धरणाऱ्याच्या इशाऱ्यावर सगळं एकदम. हनुवटीखाली लाल झालं तर नर्सला लगेच दाखवा. हाताला मुंग्या आल्या किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट बघू नका.