पाडव्याला काका-काकू कुठे? (आणि ३ मेच्या नाटकाचं इंग्रजी)

प्रेषक: मंडळ चिटणीस
सोमवार, ३१ मार्च २०२५

मंडळी, नमस्कार.

पाडवा काल झाला, पण हॉल शनिवारचा, ५ एप्रिलचा मिळालाय. तेव्हा मंडळाची गुढी त्या दिवशी. श्रीखंडाची यादी भरली. पुऱ्या तळायला अजून दोन माणसं हवीत.

दुसरा विषय ३ मेच्या महाराष्ट्र दिनाच्या नाटकाचा. गेल्या वर्षी दुसऱ्या अंकाला निम्मी तरुण मुलं आणि दोन्ही अमेरिकन जावई पार्किंगमध्ये उभे होते, हे सगळ्यांनी पाहिलंय. यंदा कानाला हेडसेट देऊन नाटक चालू असतानाच इंग्रजीत सांगायचं, असं कार्यकारिणीत ठरलं. कसं करायचं ते मात्र कुणालाच ठाऊक नाही. सॉल्ट लेकच्या काका-काकूंचं सध्या हेच काम चालू आहे ना? काकू, दोन ओळी लिहाल का? शनिवारी झूमवर आलात तर दुधात साखर.

— चिटणीस

प्रेषक: काका (सॉल्ट लेक)
सोमवार, ३१ मार्च, रात्री

चिटणीस, शनिवार-रविवार अशक्य. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या शनिवार-रविवारी आमच्या लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चची जनरल कॉन्फरन्स, म्हणजे सगळ्या सभासदांसाठी भाषणांची मोठी सभा असते, ती नेमकी याच दोन दिवशी. काकू आत्ता फोनवर आहे आणि रविवारपर्यंत फोनवरच राहणार. त्यानंतर लिहील. दोन ओळींत आवरणार नाही, याची कल्पना असावी.

प्रेषक: काकू (सॉल्ट लेक)
मंगळवार, ८ एप्रिल

सप्रेम नमस्कार.

यांनी माझ्याबद्दल लिहिलेलं वाचलं. खरं आहे, म्हणून बोलत नाही.

नवीन सभासदांसाठी सांगते. आम्ही दोघं निवृत्तीनंतर चर्चच्या सेवेसाठी दीड वर्ष सॉल्ट लेक सिटीत आलोय. पगार नाही. भाडं, किराणा, सगळं पदरचं. कपड्यावर काळी पाटी लावायची, तिच्यावर पांढऱ्या अक्षरात यांच्या आडनावाआधी ‘एल्डर’ आणि माझ्या आडनावाआधी ‘सिस्टर’. पहिले पंधरा दिवस कुणी सिस्टर म्हणून हाक मारली की वाटायचं, आता इंजेक्शन द्यायला सांगतायत.

आमचं काम म्हणजे दुभाषे सांभाळणं. आम्ही स्वतः दुभाषी नाही. ज्या हॉलमध्ये कॉन्फरन्स होते तिथे २१,००० माणसं बसतात, पण त्याहून कितीतरी जास्त लोक घरी बसून आपापल्या भाषेत ऐकतात. १९६१ साली डच, जर्मन, सामोअन आणि स्पॅनिश अशा चार भाषांपासून हे सुरू झालं, आता शंभराच्या आसपास गेलंय. भाषणांत काय होतं ते छापून येतंच, त्याबद्दल मी लिहीत नाही (आणि लिहिलं तर माजी अध्यक्ष रागावतील). मी पाहिलं ते काचेच्या अलीकडून.

सोमवारी सकाळी पहिला फोन आला तोच ‘माझा घसा बसलाय’ असा. दुसरा एका आजीबाईंचा. मुलीची तारीख दहा दिवस अलीकडे आली, त्या चालल्या विमानतळावर. अशा वेळी भाषा येणारं माणूस शोधायचं नसतं, ते सापडतं. राखीव यादीतल्या कुणाचा आवाज जोडीदाराच्या शेजारी दोन तास टिकेल, आणि त्या दोघांचं एकमेकांशी पटतं का, हे शोधायचं असतं. त्यासाठी वहीत आमच्या खुणा असतात. एका नावापुढे यांनी ‘माइक सोडत नाही’ असं मराठीत लिहून ठेवलंय, कुणी वाचू नये म्हणून.

मंगळवारी यांचीच चूक निघाली. जर्मनीहून ऑनलाइन येणाऱ्या एका बाईंच्या वेळा यांनी १५ मार्चला काढल्या. अमेरिकेची घड्याळं ९ मार्चलाच पुढे गेली होती, युरोपची जातात ३० मार्चला. मधले तीन आठवडे आमच्यात आणि त्यांच्यात सात तासांचा फरक, नंतर पुन्हा आठ. आमचे सकाळचे १० म्हणजे त्यांचे संध्याकाळचे ५ असं तक्त्यात, आणि प्रत्यक्षात ६. बिचाऱ्या सरावाला तासभर आधी येऊन रिकाम्या पडद्यासमोर बसल्या. हैदराबादच्या मुलाला काही फरक पडला नाही, भारतात घड्याळं हलत नाहीत. त्या दिवसापासून तक्त्यावर स्थानिक वेळ आणि ग्रिनिचची वेळ, दोन्ही लिहायला लावते.

आता तुमच्या उपयोगाचं. हे काम ‘इंग्रजी चांगलं आहे’ म्हणून जमत नाही. मी स्वतः करून पाहिलं. बुधवारी रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हे एक जुनं छापलेलं भाषण वाचत होते आणि मी समोर बसून मराठीत सांगत होते. दहा मिनिटांत घाम फुटला. इंग्रजी क्रियापद आधी सांगून मोकळं होतं, आपल्याला ते वाक्य संपेपर्यंत धरून ठेवावं लागतं. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसं. तोवर त्याचं पुढचं वाक्य निम्मं झालेलं असतं. मग ‘वी’ आला. इंग्रजीत एकच ‘वी’, आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ऐकणाऱ्याला त्यात धरायचं की नाही, हे बोलणाऱ्यानं सांगितलेलंच नसतं. चुकून ‘आम्ही सगळी देवाची लेकरं’ म्हटलं की समोरचा उपरा झाला! आणि आकडे! ‘फिफ्टी’ ऐकून ‘पन्ना...’ म्हणत तोंड उघडलं तर पुढे ‘नाइन’ आलं. झालं, एकोणसाठ. त्यात साठ आहे, पन्नास कुठेच नाही. मग ‘सेव्हन्टीन अँड अ हाफ मिलियन’. मी सतरा दशलक्ष... एक कोटी... अशी चाचपडतेय, आणि यांनी वाचन थांबवून म्हटलं, “पावणेदोन कोटी म्हण की!” तोंडावर आलं होतं माझ्या. पण म्हणेपर्यंत वाक्य गेलं.

म्हणून दुभाषे नेहमी जोडीनं बसतात. वीस-तीस मिनिटांनी माइक दुसऱ्याकडे. जो बोलत नसतो तो मोकळा नसतो. आकडे, नावं, अवघड शब्द कागदावर लिहून बोलणाऱ्याच्या डोळ्यासमोर सरकवायचं काम त्याचं. शनिवारी दुपारच्या सत्रात मी काचेतून एक जोडी पाहत होते. वयस्कर गृहस्थ, सुंदर आवाज, आणि वहीतली तीच खूण. अर्धा तास झाला, शेजारच्या मुलीनं हात पुढे केला. त्यांनी मान हलवून ‘थांब’ म्हटलं. पाच मिनिटांनी पुन्हा. तोवर त्यांची वाक्यं तोकडी व्हायला लागली होती. मला ती भाषा कळत नाही, पण ते मध्येच गाळायला लागले हे लयीवरून कळतं. थकलेल्या दुभाष्याला आपण थकलोय हे सगळ्यात शेवटी समजतं, हे इथे आल्यावर शिकले. मुलीनं काही न बोलता कोमट पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उचलला, आणि तेवढ्यात हिनं माइकचं बटण स्वतःकडे घेतलं. ऐकणाऱ्यांना पत्ताही लागला नसेल. सत्र संपल्यावर मी तिला मिठी मारली, आणि ते गृहस्थ मला म्हणाले, “पाणी फार छान होतं.”

(चहा आमच्या चर्चच्या नियमात बसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. कोमट पाणीच. माझा चहा सुटून बरीच वर्षं झाली, पण मंडळाच्या हॉलमधला आल्याचा वास अजून आठवतो.)

तर नाटकाचं. तुमची गाडी उलट्या दिशेनं जाणार, मराठीतून इंग्रजीत. तिथे क्रियापद शेवटी येतं ही पंचाईत. ‘मी तुझ्या बापाला त्या दिवशी वाड्यावर...’ इथपर्यंत ऐकलं तरी पाहिलं, मारलं की वाचवलं, काही कळत नाही आणि इंग्रजी वाक्य सुरूच करता येत नाही. म्हणून संहिता महिनाभर आधी हातात हवी आणि तालमीला दुभाषे हवेत. मुख्य म्हणजे दुभाष्यानं आपल्या रक्तातल्या भाषेत बोलावं, शिकलेल्या भाषेत नाही. हा इथला पहिला नियम. आपल्या मंडळात ज्यांची रक्तातली भाषा इंग्रजी आणि जे मराठी समजतात पण बोलत नाहीत, असे कोण? जे गेल्या वर्षी पार्किंगमध्ये उभे होते तेच. त्यांना बसवा.

— काकू

प्रेषक: माजी अध्यक्ष
मंगळवार, ८ एप्रिल

काकूंचं पत्र रंजक आहे. एका मुद्द्यावर आक्षेप. इंग्रजीत सांगायचं काम मी करीन, असं मी कार्यकारिणीत स्वतःहून सांगितलं होतं, आणि ते इतिवृत्तात आहे. बँकेत ३१ वर्षं इंग्रजीतच काढली. कॉलेजच्या मुलांना ‘घोडं मारणं’ आणि ‘घोडं अडणं’ यातला फरक कळतो का, विचारून पाहावं.

ता. क. पत्रात धर्मप्रसार नव्हता, याची नोंद घेतली आहे.

प्रेषक: काका (सॉल्ट लेक)
मंगळवार, ८ एप्रिल

भाऊसाहेब, वहीत आणखी एक खूण करावी लागणार असं दिसतंय.

प्रेषक: काकू (सॉल्ट लेक)
बुधवार, ९ एप्रिल

यांच्याकडे लक्ष देऊ नका, भाऊसाहेब. तुमचा घोड्याचा मुद्दा अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच तुम्ही त्या कोपऱ्यात हवे आहात. मुलं बोलतील, तुम्ही शेजारच्या खुर्चीवर. संहितेतल्या म्हणी, नात्यांची नावं, जुने शब्द आधीच काढून त्यांचं सरळ इंग्रजी मोठ्या अक्षरात कार्डांवर लिहायचं आणि वेळ आली की कार्ड सरकवायचं. ही खुर्ची आमच्याकडे सगळ्यात अनुभवी माणसाला देतात. बोलणाऱ्याची चूक झाली तर ती त्याच्या एकट्याची नसते, शेजारच्याचीही असते.

चिटणीस, हेडसेट भाड्यानं आणाल तेव्हा दोन जास्त घ्या आणि बॅटऱ्या आदल्या दिवशी बदला. दुभाष्यांना रंगमंच दिसेल असं बसवा. आणि दोघांत एकच माइक देऊ नका.

प्रेषक: एक पार्किंगवाली
बुधवार, ९ एप्रिल, रात्री

हाय काकू. हे आई टाइप करतेय, मी बोलतेय. मी आणि माझा भाऊ करू. पण माझं मराठी फार गडबड आहे. संहिता चिटणीसकाकांनी पाठवली, पहिल्याच पानावर कोणीतरी नाकाने कांदे सोलतंय. हे खरंच सोलतात का? स्टेजवर कांदा असणार आहे का?

प्रेषक: माजी अध्यक्ष
गुरुवार, १० एप्रिल, सकाळी ५:४०

कांदा नसणार. शनिवारी चार वाजता हॉलवर ये, भावालाही आण. पेन्सिल आणि कोरी कार्डं मी आणतो. पहिल्या अंकातल्या अठ्ठावीस जागा काढून ठेवल्या आहेत. पाण्याचा पेला आणायची गरज नाही, मी पत्र नीट वाचलं आहे.