दिल्ली दरवाजा जलरंगात: दगड मातकट का होतोय?

रंगपेटी_पुणे:
शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा करतोय, थॉमस गर्टिन आणि टर्नर या इंग्रज जलरंग चित्रकारांच्या १८०० च्या आसपासच्या किल्ल्यांच्या चित्रांच्या धर्तीवर. आधी करड्या रंगात सगळी छाया, मग वरून रंग. दगड मातकट होतो. कागद ३०० जीएसएम, कॉटन. काय चुकतंय?

ओला_कुंचला:
ही पद्धत त्यांच्या आधीच्या पिढीची. दोघंही त्यातच शिकले, पण पुढे सावली थेट त्या त्या रंगात, गडद करून लावू लागले. तुमच्याकडे वरचा हात फिरला की खालच्या करड्यातला डिंक (रंग कागदाला धरून ठेवणारा) सुटतो आणि दोन्ही थर कालवले जातात. चिखल होतो तो तिथेच.

दगडाला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, बस. पॅलेटवर पूर्ण घोटू नका, कागदावर मिसळू द्या. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, सलग मारा. हाताची मागची बाजू टेकवून कागद गार लागतोय तोवर दुसरा हात नको. पावसाळ्यात घड्याळावर अजिबात जाऊ नका. आणि सगळं एकाच करड्यात रंगवू नका: खाली दगड आहे, वर बुरुजांना वीट. विटेला थोडा लाइट रेड.

नीळकंठ:
गर्टिनच्या छापील चित्रांवरून रंग उचलत असाल तर जपून. त्याच्या करड्यात नीळ आणि तांबडा असायचा. नीळ उजेडाने उडाली, तांबडा राहिला. त्यामुळे काही आकाशं आज गुलाबी दिसतात. ती संध्याकाळ नव्हे! आजच्या ‘इंडिगो’ ट्यूबमध्ये बहुधा काळा मिसळलेला असतो, त्यानेही दगड मेल्यासारखा दिसतो. ट्यूबवरचे पिगमेंट नंबर (आत कोणती रंगद्रव्यं आहेत ते सांगणारे) वाचा.

उत्तराभिमुख:
दरवाजाचं तोंड उत्तरेला. हिवाळ्यात दर्शनी बाजू दिवसभर सावलीत आणि आकाश मागून उजळ, म्हणजे या शैलीला हवा तसा काळोखा ठोकळा आयता मिळतो. आकाश आधी घ्या, बुरुजाची वरची कड एखाद-दोन ठिकाणी ओल्यातच विरू द्या.

रंगपेटी_पुणे:
आणि दाराच्या फळ्यांवरचे अणकुचीदार खिळे? मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखणारा द्रव) लावू का?

ओला_कुंचला:
नको, कडा कापल्यासारख्या येतात. फळी पूर्ण वाळल्यावर ब्लेडच्या टोकाने खरवडा; टर्नर नखानेही खरवडायचा. कागद ओलसर असेल तर तंतू उठतात आणि पुढचा रंग तिथे काळा बसतो. मऊ उजेड हवा असेल तर स्वच्छ पाण्याने तेवढाच भाग भिजवा, अर्धा मिनिट थांबा, टीपकागद दाबा आणि पावाच्या मऊ गराने चोळा. सगळे खिळे काढत बसू नका, पाच-सहा पुरेत.