शेजारणीची घरपट्टी १०,९४० आणि माझी १८,६९०, असं का?

जाईजुई

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे कराडचे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कर्वेनगरला रीसेलचा वन बीएचके घेतला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, कार्पेट ५५० स्क्वेअर फूट. पहिल्या वर्षी घरपट्टीचं बिल आलं ते मुकाट्याने भरून टाकलं. पुण्यातलं सगळंच महाग, तसं हेही असेल म्हटलं. तेव्हा गॅसचं कनेक्शन, मुलाची अकरावी आणि गळणारा नळ यातून डोकं वर निघत नव्हतं.

गेल्या आठवड्यात जिन्यात समोरच्या वहिनी भेटल्या. त्यांच्या हातात यंदाचं बिल होतं. सहज विचारलं, तर १०,९४० रुपये! माझं १८,६९०. दोन्ही फ्लॅट एकाच साच्यातले, फक्त त्यांचं स्वयंपाकघर उजवीकडे आणि माझं डावीकडे. स्वयंपाकघर डावीकडे असण्याचे आठ हजार रुपये कोण घेतं?

आमचे हे म्हणतात, "भरून टाक, मुदतीत भरलं की सूट मिळते." त्यांचं सगळ्यावर तेच उत्तर असतं. पण मी ब्लाउज शिवून पैसे मिळवते हो. साध्या ब्लाउजची शिलाई किती मिळते ते मला विचारा. आठ हजार असे जाऊ द्यायला माझं मन तयार नाही.

बिलावर नाव अजून जुन्या मालकांचंच आहे. ते बंगळुरूला असतात, इथे कायम भाडेकरू ठेवलेले होते. त्याचा काही संबंध असेल का? आणि यंदाचं बिल भरू की थांबू?

अंधेरी लोकल

५५० म्हणजे थोडक्यात हुकलात. ५०० स्क्वेअर फुटांच्या आत असतात तर शून्य बिल आलं असतं. आम्हाला १ जानेवारी २०२२ पासून पूर्ण माफ आहे.

निवृत्त वसुलीवाला

वरच्या साहेबांनी मुंबईचं सांगितलं. ताई पुण्यात राहतात. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या बाजारभावाच्या) दराशी जोडून कर बसतो. पुण्यात अजून भाडेमूल्यावर बसतो. मुंबईची ५०० फुटांची माफी पुण्याला लागू नाही, तेव्हा ताईंनी भिंत पाडून घर लहान करायला जाऊ नये.

ताई, मी एका नगरपालिकेच्या करविभागात ३१ वर्षं काढली. पुण्यात नोकरी केली नाही, पण आता मुलाकडे पुण्यातच असतो आणि त्याच्या घराचं हे प्रकरण मीच निस्तरलं. एकूण रकमेकडे आत्ता बघू नका. दोन्ही बिलं शेजारी ठेवा, करपात्र रक्कम कुठे छापली आहे ते शोधा आणि दोन्ही आकडे इथे टाका.

जाईजुई

माझी २३,७६०. वहिनींची १४,२५६.

निवृत्त वसुलीवाला

झालं, सापडलं. २३,७६० चे ६० टक्के काढा. १४,२५६ येतात, रुपयाचाही फरक नाही. तुमच्या वहिनींना स्वतः राहण्याची ४० टक्के सवलत लागलेली आहे आणि तुम्हाला नाही.

हा आकडा येतो कसा ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी कोणी काही सांगितलं तर तुम्हालाच पडताळता येईल. तुमच्या इमारतीला महिन्याला फुटामागे ४ रुपये दर धरलेला दिसतो. ५५० गुणिले ४, महिन्याचे २,२००, वर्षाचे २६,४००. हे झालं मानीव भाडं. प्रत्यक्षात त्या घराचं भाडं पंधरा हजार असेल, त्याचा इथे संबंध नाही. यातून देखभालीचे १० टक्के, म्हणजे २,६४० वजा. राहिले २३,७६०. घरमालक स्वतः राहत असेल तर त्याच्या ६० टक्क्यांवरच कर. मग त्या रकमेवर सर्वसाधारण कर, सफाई कर, जललाभ, मलप्रवाह, पथकर, अग्निशमन, वृक्षकर अशी माळ लागते. यातला राज्य सरकारचा शिक्षणकर तर महापालिका फक्त गोळा करून देते. काही कर टप्प्यांवर असतात, म्हणून शेवटची रक्कम बरोबर ६० टक्के येत नाही. तुमचे १८,६९० आणि त्यांचे १०,९४० हे त्या हिशेबात बसतं.

या सवलतीचं रामायण पुणेकरांना पाठ आहे. १९७० पासून ती चालू होती. पुढे राज्य सरकारने सवलतीचा तो जुना ठराव रद्द केला. त्यामुळे २०१९ पासून नव्याने नोंद झालेल्या घरांना सवलत मिळेना, आणि ज्या जुन्या घरांत पाहणीच्या वेळी भाडेकरू सापडले त्यांचीही निघाली. मार्च २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ती पुन्हा चालू केली. पण ज्यांची निघाली किंवा लागलीच नव्हती त्यांनी पीटी-३ नावाचा अर्ज भरून स्वतः राहतो असं सिद्ध करायचं. तुमच्या जुन्या मालकांचे भाडेकरू पाहणीत दिसले असणार. मालक गेले, भाडेकरू गेले, कागदावरचा शेरा मात्र घराला चिकटून राहिला.

कर माणसाला नसतो, मिळकतीला असतो. थकबाकीचंही तेच. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १४१ प्रमाणे कराचा पहिला बोजा मिळकतीवर असतो. बंगळुरूच्या साहेबांनी चार वर्षं भरलं नसतं तर ते तुमच्याच गळ्यात आलं असतं. थकबाकीच्या रकान्यात शून्य आहे ना ते एकदा बघा.

जाईजुई

बघितलं. शून्य आहे. हातपाय गार पडले होते. मग आता भरू की नको?

निवृत्त वसुलीवाला

भरा. वाद घालायचा तर पैसे भरून घाला. पहिल्या सहामाहीचे ३० जूनपर्यंत आणि दुसरीचे ३१ डिसेंबरपर्यंत भरले नाहीत, की दर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, बसते. वर्षाला २४ टक्के झाले. सावकारसुद्धा विचार करून लावतो. अर्ज दिलाय म्हणून शास्ती थांबत नाही.

तुमच्या यजमानांचंही अगदीच चूक नाही. मुदतीत सगळं एकदम भरलं तर सूट आहे, करपात्र रक्कम २५,००० पर्यंत असेल तर १० टक्के, त्यावर ५. पण ती फक्त सर्वसाधारण करावर मिळते, अख्ख्या बिलावर नाही. लोक १८,६९० चे १० टक्के मनात धरून काउंटरवर जातात आणि मग भांडतात.

पीटी-३ मंजूर झाला की जास्तीचे भरलेले पुढच्या बिलात वळते होतात. मागच्या वर्षीचेही मिळतीलच असं धरून चालू नका. अर्जात विचारा जरूर, विचारायला पैसे पडत नाहीत. अर्जाला २५ रुपये पडतात तेवढेच.

सोसायटीचा हमाल

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे हमालच. पीटी-३ सोबत सोसायटीचं पत्र लागतं. "सदर सदनिकेत मालक स्वतः राहतात" एवढंच हवं, लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह. शिवाय त्या पत्त्याचा एक पुरावा: मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, लायसन्स, गॅसचं कार्ड, रेशन कार्ड, यातलं काहीही एक. पुण्यात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत जोडायची. काकू, तुमचं मतदान अजून कराडलाच असेल तर गॅसचं कार्ड पुढे करा.

आणि नावाचं आधी बघा. सोसायटीत शेअर सर्टिफिकेट नावावर झालं म्हणजे घरपट्टीवर आपोआप नाव लागलं असं लोक समजतात. आमच्या ४२ फ्लॅटपैकी ९ बिलं अजून जुन्या मालकांच्या नावाने येतात, त्यातले एक आजोबा तर वारलेत. इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), चालू वर्षाची भरलेली पावती आणि सोसायटीचं ना हरकत पत्र घेऊन हस्तांतरणाचा अर्ज द्या. कायद्याने तीन महिन्यांत कळवायचं असतं.

निवृत्त वसुलीवाला

हमालसाहेबांशी सहमत. एक भर घालतो. घरपट्टीवर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नव्हे. मालकी खरेदीखताने. घरपट्टीचं नाव म्हणजे पैसे कोणाकडे मागायचे त्याची नोंद. भावाभावांच्या भांडणात लोक घरपट्टीची पावती नाचवतात, तिचा फारसा उपयोग होत नाही.

जाईजुई

एक लाजत विचारते. पाहणीला माणूस येतो म्हणे. माझी शिलाई मशीन हॉलमध्ये आहे. धंदा चालतो म्हणून दुकानाचा दर लावला तर? मशीन जावेकडे नेऊन ठेवू का?

निवृत्त वसुलीवाला

तिसऱ्या मजल्यावरून मशीन उतरवून कंबर मोडून घेऊ नका. बिगरनिवासी दर जास्त असतो हे खरं, पण तो लावताना बघतात गाळा, पाटी, वेगळं दार, गिऱ्हाइकांची रांग. राहत्या घरात एक मशीन आहे म्हणून घराचं दुकान होत नाही. विचारलं तर खरं सांगा.

जाईजुई

बरेच दिवसांनी लिहिते आहे. ज्यांनी सांगितलं त्यांना कळवायला हवं.

आधी पूर्ण बिल भरलं, सूट वजा होऊन. यांना म्हटलं, तुमचं ऐकलं हो. मग नाव बदलायचा अर्ज आणि पीटी-३ एकाच दिवशी दिला. पोच घेतली, तिच्यावरचा शिक्का पुसट होता म्हणून लगेच फोटो काढून ठेवला.

पेठ निरीक्षक, म्हणजे महापालिकेचे पाहणी करणारे, एका मंगळवारी अकराच्या सुमाराला आले. गॅसवर वरणाचा कुकर, हॉलमध्ये मशीन. मी घाईने तिच्यावर चादर टाकली होती, पण खालून पायडल आणि लाल सॅटिनची कड दिसत होती. त्यांनी बघितलं, मीही बघितलं की त्यांनी बघितलं. म्हणाले, "बाहेर बोर्ड वगैरे?" म्हटलं, नाही, ओळखीच्या बायका येतात. मग चपलांच्या रॅककडे नजर टाकली, मुलाच्या खोलीत डोकावले, गॅसच्या कार्डावरचा पत्ता टिपला, पाणी प्यायले आणि गेले. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी मात्र आदल्या रात्री झोपले नव्हते.

या एप्रिलमध्ये बिल आलं. करपात्र रक्कम १४,२५६. गेल्या वर्षीचे जास्तीचे भरलेले वळते करून घेतलेत. त्याच्या आधीच्या वर्षाचे नाही मिळाले, ते अक्कलखाती. वर नाव माझं आधी आणि यांचं नंतर, खरेदीखतात आहे तसं. हे दोनदा वाचून म्हणाले, "तुझं वर कसं?"

खालच्या मजल्यावरच्या ताईंचंही बिल मागवून घेतलंय. त्यांची करपात्र रक्कमसुद्धा २३,७६० निघाली.

सोसायटीचा हमाल

काकू, तुमच्या सोसायटीत सेक्रेटरीची निवडणूक कधी आहे?