व्हॉइस टायपिंग कोल्हापुरीला का अडखळतंय? दोष आवाजाचा का मशीनचा?

टंकलेखक_कसबाबावडा
मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसायला लागलं आणि आमच्या टेबलावरचं काम वाढलं. बेंचपुढं इंग्रजी चालतं, पण खालच्या कोर्टातले मराठी कागद आधी नीट टाईप करून लागतात, मग भाषांतर. ज्युनिअर वकील मंडळी हल्ली मजकूर मोबाईलला बोलून आणतात आणि "जरा दुरुस्त करून द्या" म्हणतात. 'खातेफोड'च्या जागी 'खाते फोन', 'चतुःसीमा'च्या जागी 'चतुर सीमा'. वर निष्कर्ष तयारच: मराठीला हे जमत नाही, कोल्हापुरीला तर सोडाच.

मला हे पटत नाही. मशीनला आवाजच फाटका मिळतोय. पक्षकाराचा फोन स्पीकरवर लावायचा, दुसरा मोबाईल त्याच्यासमोर धरायचा, आणि वर अपेक्षा अचूक मजकुराची! साध्या फोन कॉलमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात. नमुने जितके, त्याच्या निम्म्या हर्ट्झपर्यंतचाच (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं) आवाज टिपता येतो. म्हणजे ४,००० च्या वरचं सगळं बाद, आणि प्रत्यक्षात ३,४०० च्या आसपासच कात्री लागते. 'स'चा बराचसा जोर त्याच्या वर असतो. फोनवर 'स' का 'फ' हे माणसालाही दोनदा विचारावं लागतं ते त्यामुळंच. सीडीला ४४,१०० नमुने असतात, कारण माणसाला ऐकू येणारं २०,००० हर्ट्झपर्यंतचं सगळं तिथं बसवायचं असतं. बोलणं ओळखायला तेवढं लागत नाही, १६,००० पुरतात. पण एकदा कापलं गेलं ते गेलं. चिपाड दहादा चरकात घाला, गेलेला रस येत नाही.

उद्यमनगरचा_लेथ
अर्धं मान्य. पण लोकं नमुन्यांच्या आकड्यात अडकतात आणि माईक कुठं धरलाय ते बघत नाहीत. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो, आणि मागची घरघर आहे तेवढीच राहते. आमच्या शॉपमध्ये जॉबची मापं बोलून नोंदवायचा प्रयोग झाला. टेबलावर ठेवलेल्या मोबाईलनं लेथचाच आवाज लिहायचा बाकी ठेवला होता. कॉलरला साधा वायरचा माईक लावल्यावर आकडे बरोबर यायला लागले. दुसरं, नॉइज कमी करणारं सेटिंग डोळे झाकून चालू करू नका. घरघरीबरोबर ते 'ह'सारखे हलके आवाज पण खातं.

गडहिंग्लजची_पोर
दादा, माईक-माईक किती दिवस करायचं? बंद खोलीत, चांगल्या माईकवर, १६ किलोहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला १६,००० नमुने) १६ बिटात (एकेक नमुना लिहायला १६ बिट) मी आईचं बोलणं रेकॉर्ड केलंय. आई म्हनली, "त्यो आला न्हाई म्हनून म्या बी गेलो न्हाई." लिहून आलं, "तो आला नाही म्हणून मी पण गेले नाही." शुद्धलेखनाच्या पेपरात पैकीच्या पैकी! पण आई असं बोललीच नाही. आमच्याकडच्या बायका 'गेलो'च म्हणतात, ते सुद्धा बदलून टाकलं. आता सांगा, यात कुठली फ्रिक्वेन्सी कापली गेली?

आवाजाचे २५ मिलिसेकंदांचे तुकडे पडतात, दर १० मिलिसेकंदांनी नवा तुकडा, आणि कुठल्या पट्टीत किती जोर आहे याचं चित्र तयार होतं. तुमचा माईक इथपर्यंतच. पुढं मशीन बघतं की या शब्दामागं कुठला शब्द यायची शक्यता जास्त. ती शक्यता ते शिकवलेल्या साठ्यातून उचलतं. ओपनएआयचं व्हिस्पर, म्हणजे बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं मॉडेल, २०२२ मध्ये आलं तेव्हा ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकवलेलं होतं, त्यात इंग्रजी सोडून बाकीच्या ९६ भाषांना मिळून १,१७,००० तास. त्यातनं मराठीचा वाटा काढा, आणि मराठीतनं कागल-गडहिंग्लजचा. काय हाताला लागतंय का बघा.

टंकलेखक_कसबाबावडा
ताई, मुद्दा बिनतोड वाटतोय, पण आम्ही टायपिस्ट वेगळं काय करतो? साक्षीदार "म्या बगितलं न्हाई" म्हणतो, कागदावर "मी पाहिले नाही" असंच उतरतं. ही रीत मोबाईल यायच्या आधीची आहे. मग मशीननं तेच केलं की एवढा राग का? आणि १९५२ साली बेल लॅब्जचं ऑड्री नावाचं मशीन नुसते बोललेले आकडे ओळखायचं. तिथून इथवर आलंय, तर जरा दम धरायला काय हरकत?

गडहिंग्लजची_पोर
फरक असा, की तुम्हाला ऐकू आलं नाही तर तुम्ही मान वर करून विचारता, "काय म्हणालात? परत सांगा." मशीन विचारत नाही. जे कळलं नाही तिथं तितक्याच ठाम अक्षरात काहीतरी लिहून मोकळं होतं. काही मॉडेलं तर कुणी बोलत नसताना, मधल्या शांततेतसुद्धा आख्खं वाक्य रचतात. 'खाते फोन' चूक आहे हे लगेच दिसतं हो. भीती गुळगुळीत वाक्याची आहे, ते कुणी तपासतच नाही.

रंकाळ्यावरचा_निवांत
एवढं कोर्ट-कचेरी कशाला? गूगलनं २०१७ मध्ये मराठी व्हॉइस टायपिंग आणलं, तेव्हापासून आमची आज्जी मोबाईलला हुकूम सोडती. "भजन लाव की रं बाबा." लागतंय. आज्जी खुश, विषय संपला.

उद्यमनगरचा_लेथ
@निवांत भजन चुकीचं लागलं तर दुसरं लागतं भावा. गट नंबर चुकीचा लागला तर शेजाऱ्याचं रान आपल्या नावावर.

शाहूपुरीतला_वकील
दोघांनी एक गोष्ट सोडली. बरीच ॲपं आवाज सर्व्हरवर पाठवून मजकूर आणतात. पक्षकारानं विश्वासानं सांगितलेलं वाटणीचं भांडण कुठल्या गावच्या सर्व्हरवर जातंय हे विचारतंय कोण? माझ्या ज्युनिअरना मी सांगून ठेवलंय, मोबाईलवरच चालणारं मॉडेल असेल तर वापरा, नाहीतर हातानं लिहा. थोडं कमी अचूक असलं तरी चालेल.

आणि पोरीचं म्हणणं मला पटतंय. साक्षीदार काय बोलला यावर वाद झाला तर मूळ आवाजच पाहिजे.

टंकलेखक_कसबाबावडा
मग ठेवू की मूळ आवाज. १६ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो, साधी वेव्ह फाईल: मिनिटाला दोन एमबीच्या आत, तासाला ११५ एमबी. सीडीच्या दर्जानं स्टीरिओ ठेवली तर तोच तास ६३५ एमबी खातो, आणि माणूस बोलतोय एकच. वकिलांनी मला व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट टाकणं तेवढं बंद करावं, ती आधीच दाबलेली असते, म्हणजे फाईल लहान करायला आवाजातला काही भाग काढून टाकलेला असतो. मजकुरात शंका असेल तिथं मी मिनिट-सेकंद लिहून देतो, तेवढंच ऐकून खात्री करा.

गडहिंग्लजची_पोर
हे चालेल. पण शंकेच्या जागा तुमच्या तुम्ही ठरवायच्या. मशीनला विचारलं तर त्याला शंका नसतेच.

शाहूपुरीतला_वकील
फाईल पुढं पुरावा म्हणून लागली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलचा हॅश, म्हणजे फाईलवरून काढलेली अक्षर-आकड्यांची खूण, लिहावा लागतो. कुणी जागा वाचवायला एमपी३ करून ठेवली की हॅश बदलला. तेव्हा मूळ फाईलला हात लावायचा नाही, कामासाठी वेगळी कॉपी काढायची.

टंकलेखक_कसबाबावडा
आणि त्या प्रमाणपत्रावर सही माझी काय? एका पानाच्या टायपिंगच्या पैशात तेवढं बसत नाही साहेब.

शाहूपुरीतला_वकील
रेकॉर्डिंगचं उपकरण ज्याच्या ताब्यात, सही त्याची, शिवाय एक भाग तज्ज्ञाचा. तुमची नाही. पानाचा दर मात्र वाढवून घ्या, ऐकून तपासायचे वेगळे लावा.